हाड म्हणलं की यायचा

आमच्याकडं कुत्र्याला जवळ बोलवायचं असलं तर "यू यू" म्हणतात अन् हाकलायचं असलं तर "हाड" म्हणतात. हे शिकायला शाळा लागत न्हाई. मी तिसरीतून उठलेला माणूस, मला बी येतं. गावातलं पिल्लू तर नीट चालायच्या आधी एवढं शिकतं, कारण त्याचा जीवच त्याच्यावर असतो. माझं कुत्रं हे उलटं शिकलं. कसं शिकलं ते लोक आपापल्या परीनं सांगून राह्यले, म्हणून मीच लिहून ठेवतो.

पोराची माय गेली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. मी शेतातल्या आखाड्यावर एकटा राहत होतो. आखाडा म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं बाभळ, अन् बैलं होती तेव्हाची दावण, आता रिकामी. पोरगा नवीन जालन्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. दर सणाला म्हणायचा, चला आमच्याकडं. मी म्हणायचो, पाहू. त्या 'पाहू'चा अर्थ त्याला बराबर कळायचा, म्हणून तो चिडायचा.

सोयाबीन काढणीला आलं तेव्हा नात आली. पोराची एकुलती एक पोरगी, जालन्यातच एका बियाण्याच्या कंपनीत कामाला आहे. हसनाबादला बसमधून उतरली, तिथून माझ्या बांधशेजाऱ्याच्या मोटारसायकलवर आली, अन् पिशवी एवढी जपून खाली ठेवली की मला वाटलं काचेचं काही आणलं. वरची ओढणी काढली तर आत कुत्र्याचं पिल्लू. स्टेशनच्या रस्त्याला पोत्यांचे ट्रक भरतात तिथं याची माय चाकाखाली गेल्ती. बाकीची पिल्लं कुठं गेली माहीत न्हाई, हे एक नालीत सापडलं. मागच्या पायाला जखम होती. असली कुत्री सांभाळणारी काही पोरं तिकडं आहेत, त्यांनी औषध लावलं, दूध पाजलं अन् कोण घेतं म्हणून विचारत फिरत होती. नातीनं हात वर केला.

"आबा, मी याला दत्तक घेतलंय," ती म्हणली. "पण सोसायटीवाले ठेवू देत न्हाईत. तुमच्यापाशी राहील."

दत्तक हा शब्द मी आजवर जमिनीच्या कामातच ऐकला होता. मूलबाळ नसलेला माणूस भावाचं पोरगं मांडीवर घेतो, पेढे वाटतात, पोराचं नाव बदलतं, अन् मंग सगळे मिळून अंबडच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. माझ्या एका मावसभावाचं हेच करता करता केस पांढरे झाले. मी नातीला विचारलं, मंग सातबाऱ्यावर बी लावायचं का याचं नाव. ती हसली न्हाई. म्हणली, तुम्हाला सोबत होईल.

इथं ती चुकली. राखणीला ठेवा म्हणली असती तर मी काही बोललो नसतो, आखाड्यावर कुत्रं लागतंच. पण सोबत कोणाला आणून देतात? ज्याला एकट्याला निभत न्हाई त्याला. मी म्हणलो, मला सोबत लागत न्हाई, घेऊन जा वापस. ती पाणी प्याली, माझ्या पाया पडली अन् पिल्लू तिथंच ठेवून गेली. हट्ट तिच्यात माझाच उतरलाय, दुसऱ्या कोणाचा न्हाई.

पिल्लू दिसायला कसं, तर एक कान उभा, एक पडलेला. अंग तांबूस, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. तोंड कुण्या बंगल्यातल्या कुत्र्याचं अन् शेपूट आपल्या गावठी कुत्र्याची. शेजारी मेंढरं राखतो, त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुत्री. त्यानं त्याला उचलून पोटाकडून पाहिलं अन् म्हणला, "आबा, हे हायब्रीड दिसून राह्यलं." मी म्हणलो, हायब्रीडचं काय, एक साल जोरात येतं अन् दुसऱ्या साली त्याचंच बी पेरलं की फसवतं. हे शेजाऱ्यानं नातीला फोनवर सांगितलं. तिनं त्याच्याच हातून निरोप दिला, की आबाला म्हणावं जरा जपून, त्या बियाण्यावरच माझा पगार होतो.

गावात ही बातमी पारावर पोचली. मी हसनाबादच्या बाजाराला निघालो की कोणी ना कोणी विचारायचंच, आबा, दत्तक घेतलं म्हणे, बारसं कधी? मी त्यांना सांगितलं, नाव ठेवणारच न्हाई. अन् ते मी नुसतं चिडून म्हणलो न्हाई. पोराच्या मायला मी उभ्या आयुष्यात नावानं हाक मारली न्हाई. मी म्हणायचो "ऐकलं का", ती म्हणायची "आवं". ती विहिरीपाशी असली अन् मी दावणीपाशी, तरी तेवढ्यावर भागायचं. एवढा संसार नावावाचून झाला, तर कुत्र्याचं काय अडणार होतं?

मी जेवायला बसलो की पिल्लू समोर येऊन बसायचं, पार ताटाला नाक लावायचं. मी म्हणायचो, हाड. ते जायचं न्हाई. मंग मी भाकरीचा तुकडा मोडायचो अन् लांब फेकायचो, की तिकडं जाऊन खा, हाड. ते जाऊन खायचं अन् वापस यायचं. पुन्हा हाड, पुन्हा तुकडा. सकाळी हाड, संध्याकाळी हाड. लोक म्हणतात कुत्र्याला शब्द न्हाई, सूर कळतो. कळत असंल. पण माझा सूर सगळ्यांशी तसाच आहे, पोराला चहा घे म्हणलो तरी त्याला मी भांडून राह्यलो असं वाटतं. पिल्लानं कसं ओळखायचं? त्याला एवढंच समजलं, की हा माणूस हाड म्हणतो अन् मंग भाकर येते.

अन् एक गोष्ट मला बी नंतर ध्यानात आली. पोराची माय गेल्यापासून आखाड्यावर मी तोंड उघडतच नव्हतो. कोणाशी बोलणार? दिवसभरात माझ्या तोंडून बाहेर पडणारा शब्द म्हणजे हाड. त्या घरात तेवढाच एक शब्द होता, तोच त्यानं आपला म्हणून घेतला.

हे उघड झालं ते तुरीच्या खळ्यावर. मळणीयंत्रावरच्या एका माणसानं डबा उघडला अन् कुत्रं दिसलं म्हणून हाड म्हणला. तोवर ते चांगलं वाढलं होतं, बाभळीखाली झोपलेलं. ते उठलं, शेपूट हलवत पळत आलं अन् त्याच्या मांडीवर पाय देऊन उभं राहिलं. तो जेवढा हाड म्हणेल तेवढं ते तोंड चाटायला पाहायचं. सगळे पोट धरून हसले. शेजारी म्हणला, आबानं कुत्रं बी आपल्यासारखंच उलट्या डोक्याचं केलं. नातीला कळलं तेव्हा ती म्हणली, तुम्ही हाड हाड करता आबा, त्याला वाटतं मटणाचं हाड देऊन राह्यले. आमच्या घरात मटण शिजत न्हाई, तरी मी हसलो.

मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. आमच्या गावात हाड हा शब्द फक्त कुत्र्याला म्हणत न्हाईत. पाहुण्या-सोयऱ्याच्या दारात, सरकारी खिडकीपाशी, जिथं माणसाला नको म्हणायचं असतं तिथं तो शब्द असतो, भले तोंडातून निघत नसंल. मी तो लई वेळा न बोलता ऐकलाय. अन् हे एक जनावर, की त्याला तो ऐकू आला की आपल्याला मानानं बोलवलं असं वाटतं. याचा अपमान कोण करणार? तेव्हापासून मी त्याला 'ते' म्हणायचं सोडलं. तो म्हणायला लागलो.

मंग गावात सप्त्याची पंगत होती. मी जेवायला गेलो अन् तो माझ्या मागं आला. पंगतीत एकानं हाड म्हणलं, तो त्याच्यापाशी गेला. त्याच्या शेजारच्यानं म्हणलं, तो त्याच्यापाशी. असा त्या ओळीनं सगळ्यांची हाक ऐकत चालला. वाढप्यानं पळी फेकून मारली, ती त्याच्या जुन्या जखमेच्या पायावर बसली. तो ओरडला न्हाई. माझ्याकडं पाहिलं, की हे काय झालं? मी भरलं ताट सोडून उठलो अन् वाढप्याला जे बोललो ते लिहिण्यासारखं न्हाई. घरी येताना शेजारी मागून आला अन् पहिल्यांदा न हसता बोलला. म्हणला, आबा, याचं नाव बदला. हे नाव त्याला मारील.

नात सुट्टीला आली तेव्हा तिनं बिस्किटाचा पुडा घेऊन त्याला नवी नावं शिकवायची ठरवली. छान छान नावं आणल्ती. तो बिस्किट खायचा अन् नाव तिथंच सोडायचा. ती थकून बांधावर बसली अन् मी सहज म्हणलो, राहू दे त्याला, हाड. तो तिच्या हातातलं बिस्किट सोडून माझ्याकडं पळत आला. ती म्हणली, दोघं बी सारखेच.

दुसऱ्या साली कापूस वेचून झाला अन् पऱ्हाटी उपटायच्या दिवसांत मी विहिरीच्या काठावर घसरलो. खुबा मोडला. शेजाऱ्यानं अन् त्याच्या बायकोनं मला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, गाडीत टाकलं. जालन्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणला, आता पोराकडं राहायचं, पावसाळ्यापर्यंत शेताचं नाव काढायचं न्हाई. त्या दिवशी गाडीत टाकताना मी शेजाऱ्याला एवढंच सांगितलं होतं, की कुत्र्याला भाकर टाक, बांधू नको, अन् त्याच्यासमोर हाड म्हणू नको.

"मी न्हाई म्हणणार, आबा," तो म्हणला. "पण गावाला कोण सांगणार?"

तिसऱ्या मजल्यावरून खाली माणसं दिसतात, पण त्यांचं बोलणं ऐकू येत न्हाई. सून चांगली करायची, वेळेवर जेवण, वेळेवर गोळी. मला कुत्र्याचं विचारायची लाज वाटायची. सगळ्यांना मी म्हणलो होतो मला सोबत लागत न्हाई. म्हणून मी शेजाऱ्याला फोन लावायचो अन् आधी विहिरीचं पाणी विचारायचो, मंग मेंढरांचं, मंग पाऊसपाण्याचं, अन् शेवटी सहज विचारल्यासारखं, ते कुत्रं खातं का? तो सांगायचा, खातं, पण घरात येत न्हाई. तुमच्या कुलपापाशी बसून राहतं. मेंढरांमागं नेलं तर अर्ध्या वाटेतून वापस जातं.

एकदा मी त्याला म्हणलो, फोन त्याच्या कानाला लाव. त्यानं लावला. मी मोठ्यानं म्हणलो, "हाड. हाड रे बाबा, हाड." त्याच टायमाला सुनेची मावशी अंबडहून आल्ती अन् दारात चप्पल काढून राह्यली होती. ती तशीच थांबली. चहा तिनं घेतलाच न्हाई, लगेच निघते म्हणली. सुनेचं तोंड उतरलं. नात एकटी हसून राह्यली होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी बी हसलो, लई दिवसांनी.

तिकडं काय झालं ते शेजाऱ्यानं नंतर सांगितलं. आवाज ऐकून तो ताडकन उठला. फोन हुंगला. शेजाऱ्याच्या मागं जाऊन पाहिलं, मी लपलोय का म्हणून. दाराच्या फटीतून आत पाहिलं, विहिरीला चक्कर मारली, अन् मंग बांधावर चढून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो गावात जायला लागला.

गावात हाड हा शब्द दिवसभर चालू असतो. चुलीपाशी, दुकानापाशी, नळावर, शेळी बांधतात तिथं. आपण म्हणतो अन् विसरतो. त्याला कुठून बी ऐकू आला की तो तिकडं पळायचा. या गल्लीतून त्या गल्लीत. त्याला वाटत असंल आबा इथं कुठं तरी आहे अन् सगळं गाव आपल्याला त्याच्याकडं बोलवून राह्यलं. अन् बाजूच्या एका वस्तीवर तेव्हाच पिसाळलेलं कुत्रं चावल्याची बोलवा होती. पिसाळल्याची खूण आमच्याकडं काय सांगतात? हाड म्हणलं तरी पळत न्हाई, उलट अंगावर येतं.

एक बाई लेकराला कडेवर घेऊन नळावर उभी होती. ती घाबरून हाड म्हणली अन् हा तिच्याकडं धावत गेला. शेपूट हलत होती का, हे त्या घडीला कोण पाहतं? माणसं काठ्या घेऊन निघाली. मी त्यांना शिव्या देत न्हाई. माझी नात असती कडेवर, तर मी बी काठी उचलली असती.

शेजारी तेव्हा मेंढरं घेऊन लांबच्या रानात गेल्ता. त्याची बायको दळण घेऊन आल्ती, तिनं ओरडा ऐकला. कुत्रा मार चुकवून एका उभ्या बैलगाडीखाली शिरला होता, दिसत नव्हता. ती मधी पडली अन् जीव तोडून ओरडली, की अरे ते पिसाळलेलं न्हाई, आबाचं कुत्रं हाय ते, त्याचं नावच हाड हाय, हाड.

तो गाडीखालून बाहेर आला. तिच्याकडं, नीट चालत, नावानं बोलवलं म्हणून. तेव्हा काठी बसली, डोक्यात. तो तसाच उठला अन् मोसंबीच्या बागेतून रानाकडं गेला. मागं कोणी गेलं न्हाई. गेली ती एकटीच, पार ओढ्यापर्यंत. दिसला न्हाई.

पोरानं माझ्यापासून हे लपवलं. नातीनं सांगितलं, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसून, माझा पाय धरून. मी तिला म्हणलो, रडू नको, बस किती वाजता आहे ते सांग. पोरगा म्हणला, डॉक्टरनं न्हाई म्हणलंय. मी म्हणलो, डॉक्टरला तू सांग. नातच मला घेऊन आली, हातात काठी अन् दुसऱ्या बाजूनं ती.

शेजाऱ्याची बायको आखाड्यावर आली. आमच्यात तिनं कधी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर पडू दिला न्हाई. त्या दिवशी पदर कुठं आहे हे तिला माहीत नव्हतं.

"आबा, मी नाव घेतलं नसतं तर तो गाडीखालीच राह्यला असता," ती म्हणली.

मी म्हणलो, "बाई, त्याचं नाव तर तेच होतं."

ती दावणीपाशी बसून रडली. मी तिथंच काठीवर उभा राहिलो, कारण बसलो असतो तर उठता आलं नसतं.

आता मी आखाड्यावरच आहे. पोराशी बोलणं होतं, त्यानं 'चला' म्हणायचं सोडलंय. नात म्हणते, दुसरं पिल्लू आणते, तिथं लई आहेत बिचारी. मी म्हणतो, पाहू. शेजारी म्हणतो, आबा, तो गेला, डोक्याला मार होता. मी विचारतो, कोणी पाहिला? कोणीच न्हाई पाहिला. मंग कोणी सांगायचं न्हाई.

दिवस मावळायच्या आधी मी बांधावर जातो अन् ओढ्याकडं तोंड करून हाड म्हणतो. पहिल्यासारखा आवाज निघत न्हाई, मंग पुन्हा म्हणतो. शेजाऱ्याची मेंढरामागची कुत्री शेपूट घालून लांब पळतात. रस्त्यानं जाणारं एखादं बी माझ्याकडं न पाहता वाट बदलतं. नवखा माणूस मोटारसायकल हळू करून पाहतो, की हा म्हातारा रिकाम्या रानातून कोणाला हाकलून राह्यला. शेजाऱ्याची बायको चुलीपाशी असते, तिला ऐकू जात असंल.

मंग घरी येऊन जेवतो. एक तुकडा मोडतो अन् दावणीपाशी टाकतो. सकाळी तो तिथं नसतो. कावळे नेत असतील, मुंगूस नेत असंल. मी लवकर उठून पाहत न्हाई.